सासऱ्यांशेजारची जागा

“ए जांभळ्या! तिकडं बस, तिकडं! ह्या बाजूला कोल्हापूरचं माणूस चालत न्हाय!”

ओरडणारा पायरीवर उभा राहून ओरडत होता. आवाज असा की त्यानं ह्या टोकाला हाक मारली तर त्या टोकाच्या गोलीनं घाबरून हातातला चेंडू खाली टाकावा. आणि ओरडत होता तो माझ्यावर. मी गडहिंग्लजच्या शाळेच्या मैदानावर, गाववाल्यांच्या पायऱ्या चढत होतो. अंगात आमच्या पेठेचा जांभळा टी-शर्ट, हातात भाजलेल्या शेंगांची पुडी आणि तोंडावर जगातलं सगळ्यात गरीब हसू.

“अवो, मी जावई हाय ह्या गावचा,” मी म्हटलं.

“कुणाचा?”

मी तिसऱ्या पायरीकडं बोट दाखवलं. तिथं माझे सासरे बसले होते. पांढरी टोपी, काठी दोन गुडघ्यांच्या मधे, तोंड मैदानाकडं.

“मग जावई घरात!” तो माणूस गरजला. “घरात या, पाटावर बसा, करंज्या खावा. हितं तुम्ही दुश्मन हाय!”

सगळ्या पायऱ्या हसल्या. मागनं कुणीतरी एक करंजीसुद्धा दाखवली. दुसरा कुणी असता तर मागं फिरला असता, पण मी फिरणार नव्हतो. कारण सासऱ्यांच्या शेजारची जागा त्या दिवशी रिकामी होती. कैक वर्षांत पहिल्यांदा. तिच्यासाठी मी दोन टेम्पो भरून आलेली माझी अख्खी पेठ समोरच्या चिंचेखाली सोडून, पोरांच्या शिव्या खात, मैदानाला वळसा घालून आलो होतो.

ती जागा कुणाची होती आणि तिच्यापायी माझ्या पोटात किती दिवस चूल पेटली होती, ते कळायला थोडं मागं जायला पाहिजे.

कोल्हापुरात फुटबॉलचा एक घोळ आहे. सगळ्या पेठांचं स्टेडियम एकच. म्हणजे आपलं मैदान तेच आणि परकं मैदानही तेच. ज्याच्या टीमचा दुपारी गळा फाटेस्तोवर उद्धार करायचा, त्याच्याच खांद्याला खांदा लावून संध्याकाळी कट्ट्यावर म्हशीच्या ताज्या दुधाचा ग्लास तोंडाला लावायचा. दुश्मन पलीकडच्याच गल्लीत राहतो, त्याची बहीण आपल्या गल्लीत दिलेली असते. अशा गावात परक्या मैदानावर जाऊन दगड-शिव्या खाण्याचं सुख कुठलं मिळायला? त्यासाठी गाव सोडावं लागतं.

आम्ही सोडलं. मिरजेला गेलतो तर तिथल्या मैदानाला असा उतार, की दुसऱ्या हाफात आमच्या गोलीच्या टाचांमागं दगड लावून ठेवला होता, चढावर टेम्पो उभा करताना लावतात तसा. बेळगावात लोकांनी आम्हाला कन्नडमधून इतक्या गोड चालीत शिव्या घातल्या, की आमच्यातल्या एकानं उभं राहून हात जोडले आणि “आभारी हाय” म्हणाला. कोडोलीला तर मैदानाला लागूनच ऊस. चेंडू उसात गेला. शोधायला आमचे तिघं आत गेले आणि बाहेर चौघं आले. चौथा गेल्या वर्षी चेंडू आणायला गेलेला होता.

हसू नका. मी हायस्कुलात इतिहास शिकवतो. जे मी बघितलेलं नाही ते पोरांच्या डोळ्यांसमोर उभं करायचाच मला पगार मिळतो. मग जे स्वतः बघितलंय ते थोडं वाढवून सांगितलं तर कुणाच्या बापाचं काय जातंय? तालमीच्या कट्ट्यावर माझी ओळखच तशी आहे. टीम बाहेर खेळून आली की दुसऱ्या दिवशी मॅच सांगायची ती मी. आता सगळ्यांच्या खिशात मोबाइल आहे, मॅच लाइव्ह दिसते, तरी बघून झाल्यावर म्हातारीकोतारी म्हणतात, “ते बघितलं रं, आता सर येऊ देत, मग खरी मॅच कळंल.”

तर सगळ्या परक्या मैदानांत मला प्यारं गडहिंग्लजचं. कारण ती माझी सासुरवाडी.

मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी मला पगार विचारला नाही, शेती विचारली नाही. एवढंच विचारलं, “कुठल्या पेठंचं?”

मी सांगितलं. ते बराच वेळ वर पंख्याकडं बघत बसले. माझ्या वडिलांनी तोवर मनातल्या मनात परतीची गाडी पकडली होती.

“गोली कोण हाय सध्या तुमचा?” सासऱ्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

“लई पुढं येतंय त्ये,” ते म्हणाले आणि पोहे आणा म्हणून आत हाक मारली. ठरलं लग्न.

ते स्वतः तरुणपणी गावच्या टीमचे गोली. उजव्या हाताची दोन बोटं चेंडू अडवताना मोडली ती मोडलीच. एक आजऱ्याकडं बघतं, दुसरं चंदगडकडं. कुणी रस्ता विचारला तर त्यांनी हात वर करू नये, माणूस चुकायचा.

दिवाळीच्या सुट्टीत तिथं फुटबॉल रंगतो आणि दिवाळीतच जावई सासुरवाडीला जातो. म्हणजे माझं सगळं एकाच गाडीत बसायचं. सकाळी पाटावर बसवून, रांगोळी काढून, उटणं-तेल लावून ज्या गल्लीनं मला आंघोळ घातली, तीच गल्ली दुपारी माझ्या आईवरून सुरू करायची. त्या मैदानाचा रिवाजच कडक. गाववाले पायऱ्यांवर, बाहेरचे समोर चिंचेखाली. पाहुणा असो, व्याही असो, मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. संध्याकाळी मात्र एकाच पंगतीला बसायचं आणि तांबड्या रश्श्यात भाकरी चुरताना कुणी दुपारचा शब्द काढायचा नाही.

त्यामुळं मी कायम चिंचेखाली आणि सासरे समोर तिसऱ्या पायरीवर. त्यांच्या डाव्या अंगाला एक माणूस बसेल एवढी जागा ते कापडी पिशवी ठेवून मोकळी राखायचे. मला वाटायचं, ही जागा माझीच. थोरला जावई मी, फुटबॉल कळणारा जावई मी. बसलो नाही हा रिवाजाचा दोष. आपल्या नावचा प्लॉट असतो, पैशाअभावी घर बांधलेलं नसतं, म्हणून काय दुसऱ्यानं येऊन तिथं म्हशी बांधायच्या?

आणि अगदी म्हशीवालाच आला.

धाकट्या मेव्हणीचं लग्न नेसरीच्या घरात झालं. म्हणजे माझा साडू. ऊस, म्हशी, जीप, आणि मान अशी की शर्टाचं वरचं बटण त्यानं आयुष्यात लावलेलं नाही. माणूस कुस्तीतला. फुटबॉल त्याला ‘चेंडूचा खेळ’ एवढाच ठाऊक. पहिल्या दिवाळीला सासऱ्यांनी त्याला मैदानावर नेलं, पिशवी उचलली आणि त्या जागेवर बसवलं. मी समोरून बघतोय! आणि त्यानं पहिला प्रश्न काय विचारावा?

“मामा, त्या काळ्या कपड्यातल्या बिचाऱ्याला कुणीच पास का दीना वो?”

रेफरीबद्दल विचारत होता!

सासरे हसले. साधे नाही हसले. ते हसू मैदान ओलांडून, हलगीचा आवाज कापून माझ्यापर्यंत आलं. माझ्याबरोबर ते असे कधी हसले नव्हते. माझ्या बेळगावच्या गोष्टीला फक्त “हं” म्हणाले होते, आणि ती गोष्ट ऐकून आमच्या कट्ट्यावर एक जण चहा नाकातून सांडून घेतो.

पुढच्या दिवाळ्यांत सासऱ्यांचे डोळे गेले. एकदम नाही. काचबिंदू. आधी लांबचा गोल दिसेना, मग पाठीवरचे नंबर, मग चेंडू. डॉक्टर झाले, थेंब झाले, ऑपरेशन झालं. आता मैदान म्हणजे त्यांना उजेडात हलणाऱ्या सावल्या. तरीपण टोपी घालून, काठी घेऊन यायचे आणि तिसऱ्या पायरीवर बसायचे. मला वाटलं, आता तरी माझी वेळ आली. ज्याला मॅच दिसत नाही त्याला मॅच सांगणारा पाहिजे, आणि मॅच सांगण्यात माझ्या तोडीचा माणूस पंचगंगेपासून घटप्रभेपर्यंत नाही.

पण शेजारी बसायचा नेसरीचा पैलवान. दोघांची डोकी एकमेकांना लागलेली. हा काहीतरी पुटपुटायचा, मग सासरे ताठ व्हायचे, हात वर करायचे, आजरा-चंदगड दोन्ही दिशा दाखवत बोलत सुटायचे. हा मान हलवायचा. मग दोघं हसायचे.

मी काय केलं असेल? खेळ बघायचा सोडून त्या दोघांना बघत बसलो. एका मॅचला आमच्या पोरांनी असा गोल घातला म्हणतात, की जाळीला भोक पडलं. माझ्याभोवती सगळी पेठ उड्या मारतेय, कुणीतरी माझ्या खांद्यावर चढलंय, आणि मी सासऱ्यांच्या हातातली शेंग बघतोय. साडूनं सोलून दिली होती ती. सोलून! दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर तो न बघितलेला गोल मी अर्धा तास सांगितला. डाव्या पायाचा, वळणारा, भिंतीला चकवून गेलेला. सांगून झाल्यावर कुणीतरी मोबाइल पुढं केला. हेडर होता.

“सर, डावा पाय कुठं हाय ह्यात?”

“क्यामेरा उजवीकडनं लावलाय,” मी म्हटलं.

जळणं म्हणजे काय ते इतिहासात शिकवलं होतं. राज्यं जळतात, गडाखालच्या गंज्या जळतात. पण माणूस शेंगेवरून जळतो हे पुस्तकात कुठं नाही.

मी शोधायला लागलो, असं काय आहे त्या माणसात. तो येताना खरवस आणायचा, बोटभर साय धरलेलं दूध आणायचा. ठीक आहे, म्हटलं, आपणही आणू. मी कोल्हापुरातून पायरीवर बसायला फोमची गादी आणली. मऊ, जाड, वर नक्षी. सासूबाईंनी ती मांजराला दिली. मांजर अजून तिच्यावरून उतरलेलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मी दुर्बीण आणली. होय, दुर्बीण. दुकानदारानं दाखवली, मला भारी वाटली, घेतली. सासऱ्यांच्या हातात दिली तेव्हा सासूबाई फराळाचं ताट घेऊन तशाच आत गेल्या. बायको भाऊबीजेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

सासरे म्हणाले, “चांगली हाय,” आणि साडूकडं दिली.

मैदानावर साडूनं ती डोळ्याला लावली आणि ओरडला, समोर मला ऐकू येईल एवढ्यानं, “मामा! गोलीच्या नाकावर घाम हाय!”

“आला व्हय घाम?” सासरे ताठ झाले. “मग आता बघा. घाम आला की गोली पुसायला हात वर नेतंय. खालनं मारला तर गोल.”

गोल झाला नाही. चेंडू थेट चिंचेत आला, माझ्या मांडीवर पडला. पण समोर ते दोघं असे खूश, जसा गोल त्यांनीच घातला. आणि दुर्बीण माझी!

तर मागच्या दिवाळीला, देवाला माझी दया आली म्हणा, साडूच्या म्हशीनं नेमकी त्याच दुपारी वेणा द्यायला सुरुवात केली. फोन आला, उशीर होईल. मैदानावर तिसऱ्या पायरीवर पिशवी एकटी. आमची पेठ आणि त्यांचं गाव, समोरासमोर, सेमीफायनल. मी पुडी उचलली आणि निघालो. आणि तो माणूस ओरडायला लागला, ते मघाशी सांगितलंच.

“जावई घरात!” त्यानं पुन्हा ऐकवलं.

सासऱ्यांनी मान वळवली नाही. फक्त वाकडं बोट वर केलं. “बसू द्या. आमचंच हाय त्ये.”

आमचंच! मी तो शब्द खिशात घातला, अजून तिथंच आहे. पिशवी उचलली, बसलो, शेंगांची पुडी त्यांच्या हातात दिली आणि मॅच सुरू झाली.

काय सांगितली मी मॅच! आजवर गडहिंग्लजमध्ये अशी कुणी सांगितली नसेल. “मामा, आमचा हाफबॅक निघाला, डाव्या बगलेनं निघाला, तुमच्या दोघांना असं कापलं जसं शेवग्याची शेंग! क्रॉस आला, चेंडू वर, वर, इतका वर की घारीनं वळून बघितलं. तुमचा स्टॉपर उडाला…” आजूबाजूचे लोक स्वतःच्या डोळ्यांनी मॅच बघायची सोडून माझ्याकडं बघायला लागले. ओरडणारा माणूससुद्धा दोन पायऱ्या खाली सरकून कान देऊन बसला. शिट्टी वाजली की सासऱ्यांनी तोंड उघडायच्या आत मी कारण सांगून मोकळा. कॉर्नर, थ्रो, फाउल, कार्ड. एक थेंब खाली सांडू दिला नाही.

“हं,” सासरे म्हणायचे.

थोड्या वेळानं तेही कमी झालं.

एकदा शिट्टी वाजली आणि त्यांनी मान जरा वर केली. “हात लागला व्हय?”

“छे छे मामा, ऑफसाइड. दोन हात पुढं होता. रेषेवरच्यानं झेंडा वर केला की.” मी पुराव्यानिशी सांगितलं. वर्गात पोराचं चुकलं की सांगतो तसं, प्रेमानं.

त्यांनी हातातली शेंग न सोलता परत पुडीत ठेवली.

मला वाटलं, खवट असेल.

हाफ टाइमला साडू आला. शर्टाला शेणाचा वास, हातावर साबणाचा. पायऱ्यांवरच्या लोकांनी त्याला अशी वाट करून दिली जशी लग्नात नवरदेवाला देतात. मी जागा सोडली नाही. तो सासऱ्यांच्या उजव्या अंगाला बसला. तिथं जागा नव्हती, त्यानं मांडी घातली आणि झाली.

“म्हशीला रेडी झाली, मामा.”

“कपाळावर चांद?”

“हाय की.”

“मग चांगलं.”

दुसरा हाफ सुरू झाला. मी घसा साफ केला. शिट्टी वाजली. मी “थ्रो” म्हणायला तोंड उघडलं तोच पलीकडून आवाज आला.

“मामा, आता कशाला वाजवली वो?”

आणि मी बघितलं. शेजारून बघितलं, समोरून नव्हे. सासऱ्यांची पाठ ताठ झाली. काठी त्यांनी मांडीवर आडवी घेतली. कान मैदानाकडं केला.

“आवाज कुठनं आला? डाव्या अंगानं. लोक ‘अगं आई’ न्हाय म्हटले, ‘ए ए’ म्हटले. म्हंजे पडलं न्हाय कोण, ढकललंय. ढकलल्यावर लोक रागावत्यात, पडल्यावर घाबरत्यात. फ्री किक हाय. आता भिंत उभी करतील. गोली डावीकडं सरकला का बघा.”

चेंडू सरळ रेषेबाहेर गेलेला होता. साधा थ्रो. रेषेवरचा पोरगा चेंडू डोक्यावर धरून उभासुद्धा होता.

“न्हाय वो मामा, हा तर…” मी सुरुवात केली.

साडूनं सासऱ्यांच्या टोपीवरून माझ्याकडं बघितलं.  नुसता बघत राहिला, म्हैस नवीन माणसाकडं बघते तसा, मी तोंड मिटेपर्यंत.

“बरोबर, मामा,” मग तो म्हणाला. “ढकललाच त्यानं. लई लबाड हाय त्ये लाल बुटाचं. सरकतोय गोली.”

“सरकणारच,” सासरे म्हणाले. “मी असतो तर न्हाय सरकलो.”

त्यानंतर जी मॅच त्या दोघांत झाली ती मैदानावर झालीच नाही. सासऱ्यांनी स्वतःच्या तरुणपणीचे सेव्ह मधे घातले, साडूनं कुस्तीचे डाव विचारले, “मामा, हे धोबीपछाडासारखं झालं का?” असं काहीबाही. मी मधे बसलेला नव्हतो, बाजूला बसलो होतो, पण मला वाटलं मी बेळगावच्याही पलीकडं कुठंतरी बसलोय. आमची पेठ टायब्रेकरवर जिंकली. समोर जांभळा गुलाल उडाला. मी हात वर करायचा विसरलो.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बायकोला म्हटलं, “तुझ्या अण्णांना माझी मॅच आवडली का गं?”

ती भाकरी थापत होती. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी सांगतो, मी जातो’ असंच बोलतात, तशीच बोलली. “खरं सांगतो, राग धरू नका. तुम्ही अण्णांना मॅच सांगता. नेसरीचं पावणं अण्णांना मॅच विचारत्यात.”

“पण त्याला काय कळतंय फुटबॉलमधलं?”

“तेच की,” ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

रात्रभर… नाही, रात्रभर कशाला, मी लगेच घोरलो. पण सकाळी उठलो ते ठरवूनच. विचारायचं एवढंच ना? मग आपणही विचारू. त्यात काय, ते तर कुणीही करेल.

वर्षभर मी तयारी केली. इतिहासाच्या माणसाला अडाणी व्हायचं म्हणजे सोपं नाही, रोज सराव पाहिजे. आरशासमोर उभं राहून तोंड उघडं टाकायचो, भुवया वर करायचो. शिक्षकांच्या खोलीत पीटीच्या सरांना विचारून बघितलं, “कॉर्नर म्हणजे काय असतं हो?” त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं, ह्यांना दोन दिवस घरी पाठवा. कट्ट्यावर ह्या वर्षी मी मॅच सांगायचं टाळायला लागलो. म्हातारे विचारात पडले. “सरांचं काय दुखतंय काय?”

दुखत होतं. पण ते त्यांना कुठनं सांगणार? मला काही फार नको होतं. सासऱ्यांची पाठ एकदा ताठ व्हावी, माझ्यासाठी. काठी मांडीवर आडवी यावी. वाकडं बोट उठावं आणि त्यांनी मला काहीतरी सांगावं, चुकीचं का असेना.

ह्या दिवाळीला मी जांभळा टी-शर्ट घरी ठेवला. पांढरा शर्ट घातला, साधा. पेठेच्या पोरांनी विचारलं तर म्हटलं, धुवायला टाकलाय. मैदानावर सरळ पायऱ्या चढलो.

“आज जांभळं उतरलं काय?” तोच माणूस ओरडला. आवाज वर्षभरात आणखी वाढला होता. “का सासऱ्यानं धुवून काढलं?”

मी हसलो. तिसऱ्या पायरीवर उजवीकडं, गेल्या वर्षी मांडी घातली तिथंच, साडू, मधे सासरे, डावीकडं मी. शेंगांची पुडी आज साडूच्या हातात होती, मी ती मागून घेतली आणि दोन शेंगा सोलून सासऱ्यांच्या तळहातावर ठेवल्या. त्यांनी तोंडात टाकल्या. सुरुवात चांगली झाली.

मी गप्प बसलो. समोर माझी पेठ खेळतेय, माझ्या जिभेवर घारी, शेवग्याच्या शेंगा, तोफा सगळं जमा झालंय, आणि मी गिळतोय. साडूनं एकदा वाकून माझ्याकडं बघितलं, मी जिवंत आहे का म्हणून.

मी योग्य शिट्टीची वाट बघत होतो. थ्रो फार सोपा, त्यात बोलायला काही नाही. पेनल्टी फार मोठी, त्यात सगळेच बोलतात. आणि मग आली. आमचा फॉरवर्ड सुटला, सगळं मैदान उठलं, शिट्टी वाजली, झेंडा वर. पायऱ्यांनी सुस्कारा सोडला, चिंचेखाली बोंब उठली. ह्याच्याहून चांगला प्रश्न जन्माला यायचा नव्हता.

मी तोंड जरासं उघडं टाकलं. भुवया वर केल्या. आवाज नेसरीच्या मापाचा काढला.

“मामा,” मी म्हटलं, “हे ऑफसाइड ऑफसाइड म्हणत्यात, म्हंजे नक्की काय असतंय वो?”

साडूची शेंग तोंडाजवळ थांबली. ओरडणारा माणूस दोन पायऱ्या खालून सावकाश वळला आणि पहिल्यांदाच काही ओरडला नाही. सासऱ्यांनी तोंड माझ्याकडं केलं. त्यांची नजर माझ्या कानाजवळून कुठंतरी मागं गेली. काठी दोन गुडघ्यांच्या मधे होती, तिथंच राहिली.

“तुम्हाला ठावं हाय,” ते म्हणाले.